माझ्या हातातला कासरा सोडवून देणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार तथा तालुका दंडाधिकारी साहेब,
तहसील कार्यालय, मंगरुळपीर,
जि. वाशिम.

अर्जदार : उकंडराव गोमाजी खिल्लारे, वय अठ्ठावन्न, धंदा जनावरांची दलाली (वडिलोपार्जित), रा. आसेगाव, ता. मंगरुळपीर.

विषय : माझ्या नावावर लागलेली सर्व जनावरे ज्याची त्याच्या नावावर करून देणेबाबत, तसेच मी मालक नसून मध्यस्थ आहे असे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : १) जऊळका येथील ग्यानबा यांच्या नातेवाइकांतर्फे आलेली वकिलाची नोटीस.
२) ‘आपली तक्रार प्राप्त झाली आहे’ हा माझ्याच मोबाईलवर माझ्याच नावाने आलेला संदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. अर्जदाराच्या नावावर आज रोजी चारशेच्या वर जनावरे लागलेली आहेत. बैल, गोऱ्हे, गाई, म्हशी आणि एक टोणगा. यांपैकी एकही अर्जदाराने विकत घेतलेले नाही. अर्जदाराला शेत नाही, गोठा नाही. घरासमोर एक निंब आहे आणि दोन खुंटे, तेही वडिलांनी ठोकलेले. ही चारशे जनावरे या घटकेला कुठे उभी आहेत, कोणाच्या भाजीपाल्यात शिरली आहेत, महामार्गावर कोणाच्या गाडीपुढे बसली आहेत, हे अर्जदाराला ठाऊक नाही. पण त्यांनी जे काही केले ते कायद्याने मी केले, असे मी ज्यांचा सल्ला घेतला ते वकील साहेब म्हणतात. त्यांतल्याच एका बैलाने जऊळक्याच्या ग्यानबाला शिंगावर घेतले. ग्यानबा अकोल्याला दवाखान्यात आहे, बेशुद्धीत आहे, आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर मला आत टाकतील. साहेब, मला भीती वाटते. सरकारी अर्जात असे लिहितात की नाही हे माहीत नाही, पण अर्ज करण्याचे खरे कारण तेच असल्यामुळे लिहिले आहे.

२. आमच्या धंद्याची रीत आपल्या माहितीस्तव नमूद करतो. माझा आजा, माझा बाप आणि मी, तिघेही दलाल. मंगरुळपीर, कारंजा, आसेगाव, जिथे जनावरांचा बाजार भरला तिथे आम्ही. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, हे आपण ऐकले असेल. भाव ठरला की विकणारा कासरा सरळ घेणाऱ्याच्या हातात देत नाही. दिला तर सौदा कच्चा. कासरा आधी दलालाच्या उजव्या हातात येतो. दलाल जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो, काही खोड असेल तर ती घेणाऱ्याच्या कानात सांगतो, आणि मग त्याच रुमालाखालून कासरा त्याच्या हातात सरकवतो. घेणारा मागे न पाहता जनावर घेऊन चालता होतो. नजर लागू नये म्हणून हे असे. आम्ही बौद्ध, नजर-बिजर काही मानत नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी घरातले देव नदीत सोडले, पण रुमाल सोडला नाही, कारण रुमाल देवाचा नव्हता, धंद्याचा होता. माझ्या आजाच्या हातचे पाणी ज्यांना चालत नव्हते त्यांना त्याच्या हातचा कासरा चालत होता. चालत होता काय, लागतच होता. पुढे त्या जनावराने कोणाला मारले, लाथ झाडली, दूध चोरले, तर दलाल आधी त्या दारात जाऊन बसायचा. शिव्या खायचा, चहा प्यायचा, आणि काहीतरी मार्ग काढूनच उठायचा. आमच्या तीन पिढ्यांत एकाही सौद्याची कोर्टकचेरी झालेली नाही.

३. माझा मुलगा उत्कर्ष हा कॉम्प्युटर शिकलेला असून पुण्याची नोकरी सुटल्याने घरी आला. बाजार ओस पडत चाललेले त्याने पाहिले. तो मला म्हणाला, ‘बाबा, बाजार आता फोनमधी आला, तुमी इथं निंबाखाली कोनाची वाट पाहून राह्यले?’ त्याने ‘दावण’ नावाचे ॲप तयार केले. विकणाऱ्याने जनावराचा फोटो टाकायचा, घेणाऱ्याने पाहायचा, आणि सौदा जुळवून दिल्याबद्दल आपल्याला दलाली. मी विचारले, यात आपण कोण? तो म्हणाला, आपण प्लॅटफॉर्म. मला उमजेना, तर त्याने जऊळक्याच्या स्टेशनाचा दाखला दिला. गाडी येते, माणसे चढतात, उतरतात, कोणाचे सामान हरवते, कोणाची गाडी चुकते, पण प्लॅटफॉर्मवर कोणी केस करत नाही. मला हे बोलणे फार पटले. आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला असे काही सांगितले की पटतेच. गेल्या पोळ्याच्या आधी ॲप सुरू झाले, आणि खोटे कशाला सांगू, धंदा असा चालला की भागिरथा (माझी पत्नी) शेजारणींना पेढे वाटून आली. कारंज्यापासून हिंगोलीपर्यंतचे लोक दावणीवर आले.

४. आता चूक कुठे झाली ते लिहितो. सौदा पुरा झाला हे ॲपला कळावे म्हणून उत्कर्षने एक सोय केली होती. जनावराचा कासरा ज्याच्या हातात गेला त्याचा फोटो काढायचा. फोन त्याचा चेहरा ओळखतो, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचतो, आणि ते जनावर त्या माणसाच्या नावावर लावतो. मुलगा हुशार आहे, पण बाजारात वाढलेला नाही. ॲप फोनमध्ये होते, सौदा मात्र लोक माझ्यासमोरच करत होते. विकणारा कासरा कोणाच्या हातात देणार? माझ्या. लोक हौसेने फोटो काढत, मीही टोपी सरळ करून उभा राहत असे. घेणाऱ्याच्या हातात मी कासरा देई तो रुमालाखालून, आणि तो पाठ करून चालू लागे. रुमालाचा फोटो निघाला तरी चेहरा कुठून दिसणार? त्यामुळे प्रत्येक जनावर माझ्यापर्यंत आले आणि माझ्यापाशीच थांबले. वर ॲप प्रत्येक वेळी ‘मालकी दाखला’ काढत होते. त्यावर उत्कर्षने शोभेसाठी बैलाचे चित्र असलेला गोल शिक्का घातला होता. आपल्याकडे गोल शिक्का दिसला की माणूस कागद कपाळाला लावतो. सहा महिने हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण मालक कोण आहे हे सगळ्या बाजाराला तोंडपाठ होते.

५. आणखी एक बाब. अटी व शर्ती ॲपला लागतातच, असे उत्कर्षला कळले. वकिलाकडून लिहून घेणे झेपत नव्हते, म्हणून त्याने दुचाकी भाड्याने देणाऱ्या कुठल्याशा ॲपच्या अटी उचलल्या आणि ‘वाहन’ या शब्दाच्या जागी सगळीकडे ‘जनावर’ असे केले. त्यामुळे आमच्या ॲपवर जनावर चालवताना हेल्मेट घालणे बंधनकारक आहे, आणि जनावर परत करताना टाकी भरलेली असली पाहिजे. यावर आम्ही घरात पोट धरून हसलो होतो. पण त्यातच खाली बारीक अक्षरात असेही आहे की, ग्राहक जनावर केव्हाही, कारण न देता, नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर परत करू शकतो, आणि अपघाताची सर्व जबाबदारी नोंदणीकृत मालकाची राहील. ते वाचले तेव्हा कोणी हसले नाही.

६. कायद्याप्रमाणे ॲपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व नंबर द्यावा लागतो, असेही निघाले. उत्कर्षने माझे नाव व नंबर दिला. तेव्हापासून म्हैस आटली की मला फोन, गाय गाभण राहिली नाही की मला फोन. चांडसला एका गोऱ्ह्याने पाहुण्याचे धोतर खाल्ले, तोही फोन मलाच. नवा फोटो आल्याशिवाय नाव बदलायची सोय उत्कर्षने ॲपमध्ये ठेवलेलीच नव्हती. शेवटी घाबरून अर्जदाराने ‘माझ्या नावावरची जनावरे कमी करा’ अशी तक्रार ॲपवरच केली. लगेच माझ्याच मोबाईलवर संदेश आला की आपली तक्रार प्राप्त झाली आहे, आपले तक्रार निवारण अधिकारी श्री. उकंडराव खिल्लारे लवकरच आपल्याशी संपर्क करतील. साहेब, तो संपर्क अजून झालेला नाही.

७. दरम्यान वैशाख लागला. जनावरांना घालायचे कुटार संपत आले, विहिरी तळाला गेल्या, आणि कोणीतरी ती बारीक अक्षरातली अट वाचली. पहिली आली ती म्हैस. घेऊन येणारी बाई ओळखीचीच. म्हणाली, ‘तुमची म्हैस तुमीच सांभाळा काका. पानीपाऊस झाला की घेऊन जाईन.’ म्हैस खुंट्याला बांधून ती मागे न पाहता गेली. तेवढी रीत तिने पाळली. त्यानंतर रोज कोणी ना कोणी येऊ लागले. निंबाला जागा उरली नाही तेव्हा भागिरथाने घरातल्या तुळईला दोर लावले. ती म्हणाली, ‘जिनगानीभर लोकायची ढोरं हाकलली, आता ढोरायनं आपल्याले घराभाईर हाकललं.’ एका संस्थेने मला प्रगतिशील पशुपालक म्हणून सत्काराला बोलावले, पत्रात शाल आणि श्रीफळ असे लिहिले आहे. मी जात नाही. मला वाटते तिथे स्टेजवर पोलीस असतील.

८. आता ग्यानबाबाबत. बांड्या नावाचा एक बैल, अंगाने पांढरा-तांबडा, तरणा, कामाला वाघ. तो माझ्या हातून जऊळक्याजवळच्या तांड्यावरचे दौलतसिंग यांनी घेतला. बांड्याला एक खोड आहे. डाव्या अंगाने कोणी डोक्यावर भारा घेऊन आले की तो बिथरतो. ॲपमध्ये स्वभावाच्या रकान्यात तीनच पर्याय होते, गरीब, मध्यम आणि तापट, त्यांपैकी उत्कर्षने ‘गरीब’ निवडले, कारण एरवी तो गरीबच आहे. डाव्या अंगासाठी रकाना नव्हता. पण मी दौलतसिंगच्या कानात सांगितले होते. शपथेवर सांगतो, सांगितले होते. दौलतसिंगच्या घरी जनावरे राखायला ग्यानबा होता, म्हातारा, एकटा कमावता. त्याच्या कानात कोणी सांगितले नाही. तो डोक्यावर गवताचा भारा घेऊन डाव्या अंगाने आला.

९. दौलतसिंग वाईट माणूस नाही. तो घाबरलेला आहे, माझ्यासारखाच. ठाण्यातून विचारणा झाली तेव्हा त्याने गोल शिक्क्याचा दाखला पुढे केला आणि दुसऱ्या दिवशी बांड्याला आणून माझ्या दारात बांधले. म्हणाला, ‘दादा, मले बी लेकरं हायेत. कागद म्हन्ते बैल तुमचा. मी काय करू सांगा?’ मी काय सांगणार? मी कानात सांगितले होते याला साक्षीदार कोण? रुमाल? मग मी मंगरुळपीरला वकील साहेबांकडे गेलो. त्यांनी मला समजावले की कायदा मध्यस्थाला संरक्षण देतो, पण मध्यस्थ कोण, तर ज्याने मालाला हात लावला नाही तो. त्याने फक्त जागा द्यायची, बाकी विकणारा जाणे आणि घेणारा जाणे. हात लावला, खात्री दिली, ताबा घेतला की तो विक्रेत्यात गेला, मालकात गेला. मी म्हणालो, साहेब, आमच्यात ज्याने हात लावला नाही तो दलालच नव्हे. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही अडकलात. मोठमोठ्या कंपन्या कशाला हात लावत नाहीत, म्हणून त्या मोठ्या आहेत. आणि त्यांनी बजावले की ग्यानबाला भेटायला मुळीच जाऊ नका, गेलात तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल.

१०. इथवरचा मजकूर लिहून अर्जदार चार दिवस थांबला होता. पुढचे लिहावे की नाही याची भीती वाटत होती. आता लिहितो.

उत्कर्ष माझ्यासाठी झुरत होता. जेवत नव्हता. एके सकाळी म्हणाला, ‘बाबा, फक्त एक फोटो. बिल्ल्याचा नंबर मी हातानं टाकतो. ग्यानबाकाकाच्या हातात कासरा दिसला की बैल त्याच्या नावावर लागते. सोताच्याच बैलानं मारलं तर केस कोनावर करतीन? तुमी सुटसान, दौलतसिंग सुटन.’ मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी मारली नाही. मी विचारले, एसटी किती वाजता आहे? साहेब, माणूस भ्यायला की असा होतो. बाजारात उधळलेल्या बैलापुढे मी छाती काढून उभा राहिलेलो आहे, पण नोटिशीच्या कागदापुढे मी मागे सरलो.

बांड्याचा कासरा आम्ही केळ्यांच्या पिशवीत घातला. दवाखान्यात भेटीची वेळ दुपारची होती. ग्यानबाची बायको औषधाची चिठ्ठी घेऊन खाली निघाली होती. जाता जाता मला पाहून तिला बरे वाटले. म्हणाली, ‘तुमी आले, लय झालं. मी म्हनतच होती, उकंडरावभाऊ आल्याशिवाय राह्यचे नाहीत.’ तिला वाटले मी रीतीप्रमाणे दारात बसायला आलो. मी मान हलवली. ती गेल्यावर मी ग्यानबाच्या उजव्या हातात कासऱ्याचे टोक ठेवले. नुसते ठेवले, साहेब. त्याचे डोळे मिटलेले होते. पण कासरा तळव्याला लागला आणि त्याची बोटे आपोआप मिटली. घट्ट. तो पुटपुटला, ‘पानी पाजलं का त्याले?’

उत्कर्षने फोटो काढला. मी कासरा सोडवायला गेलो तर सुटेना. मी जन्मभर रुमालाखाली लोकांची बोटे वाचत आलो. कोणते बोट कितीला तयार आहे, कुठले खोटे बोलते, कुठले घाबरलेले आहे, मला स्पर्शाने कळते. ग्यानबाच्या बोटांत भाव नव्हता. त्याला फक्त जनावर सुटू द्यायचे नव्हते. मी एकेक बोट उलगडले, आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की त्या खोलीत उभे राहवेना. त्याची बायको वर येत होती, आम्ही दुसऱ्या जिन्याने उतरलो. केळी तिथेच राहिली.

११. फोटो अजून गेलेला नाही. दवाखान्यात फोनला रेंज नव्हती. उत्कर्ष म्हणाला, ‘रेंज आली की फोटो आपोआप जाईन.’ ते ऐकून मी एसटीत त्याच्या हातातून फोन ओढला आणि बंद करून टाकला. आता तो फोन माझ्या खिशात आहे. चालू केला तर फोटो जाईल आणि बैल ग्यानबाचा होईल. ग्यानबा शुद्धीवर आला तर त्याच्या बायकोला कळेल की त्याला त्याच्याच बैलाने मारले, आता कोणाच्या दारात जायची सोय नाही. आणि नाही आला, तर तिला बैल तेवढा मिळेल. फोन फोडून टाकावा असेही मनात आले, पण वकील साहेब म्हणतील पुरावा नष्ट केला. उत्कर्ष म्हणतो द्या, मी पुसतो. साहेब, तो माझा मुलगा आहे, गुणी आहे, पण बापाला वाचवायचे की ग्यानबाला, हे त्याने आधीच ठरवले आहे. म्हणून मला त्याचीही भीती वाटते. घरात मी उशाखाली फोन घेऊन पडतो. भागिरथाने विचारले, कासऱ्याले दवाखान्याचा वास कसा येऊन राह्यला? मी तिला सगळे सांगितले. तिने उठून बांड्याला पाणी पाजले.

१२. सबब विनंती की,

(अ) अर्जदाराच्या नावावरील सर्व जनावरे ज्याची त्याच्या नावावर करून देण्याचे आदेश व्हावेत. कोणते कोणाचे याची अडचण पडणार नाही. बाजाराला विचारावे, बाजार सांगतो.

(आ) अर्जदाराला मध्यस्थ म्हणावे की मालक, याचा एकदा लेखी खुलासा व्हावा. हात लावणारा मध्यस्थ असा एखादा प्रकार कायद्यात बसत असेल तर त्यात आम्हाला बसवावे. नवा धंदा करणाऱ्या आमच्यासारख्यांना या गोष्टी आधीच सांगणारे कोणीतरी तालुक्याला असावे. आम्ही ॲप उघडताना कोणी आडवे आले नाही, आता मात्र सगळे येत आहेत.

(इ) सोबतचा मोबाईल आपल्या ताब्यात घ्यावा. जाणकार माणसाला बोलावून, त्यातला एक फोटो न पाठवता पुसून टाकावा. तोवर कृपया तो कोणीही चालू करू नये.

(ई) जखमी माणसाला भेटायला जाणे हा गुन्ह्याचा कबुलीजबाब समजू नये, असे आपण कोणाला तरी सांगावे.

१३. यापुढचा मजकूर आपल्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर लिहीत आहे, म्हणून अक्षर वेगळे आहे. एका हातात बांड्या आहे. कागद भागिरथाच्या पाठीवर टेकवला आहे. आम्ही पहाटे आसेगावहून बैल चालवत आणला, कारण टेम्पोवाला माझे नाव ऐकून नाही म्हणाला. माझा बेत असा होता की बैल आपल्यापुढे उभा करावा आणि म्हणावे, साहेब, दोघांच्या मधे जसा दलाल लागतो तसा आज मलाच एक दलाल पाहिजे. हा कासरा घटकाभर आपण धरा आणि ज्याच्या हातात द्यायचा त्याच्या हातात द्या. फोटो कोणी काढणार नाही याची जबाबदारी माझी.

पण फाटकावरच्या शिपायाने अडवले. त्याचे बरोबरच आहे. त्याने विचारले, ‘बैल कोनाचा हाय?’

साधा प्रश्न आहे. कित्येक दिवस मला हाच प्रश्न सगळे विचारत आहेत, आणि मी वकिलापासून मुलापर्यंत सगळ्यांना सांगत आलो की माझा नाही. आजही तेच सांगणार होतो. दौलतसिंगचे नाव ओठावर होते. तेवढ्यात फाटकातून एक बाई डोक्यावर कागदांचा गठ्ठा घेऊन निघाली आणि बांड्याच्या डाव्या अंगाला आली. बैल फुरफुरला. मी मधे झालो, त्याच्या मानेला मिठी मारली, आणि ‘सरका बाई, सरका’ असे मोठ्याने ओरडलो. भर रस्त्यात ओरडलो, कानात नव्हे. बाई सरकली. काही झाले नाही. त्याच दमात शिपायाला म्हणालो, ‘बैल माहा हाय.’

भागिरथा माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला म्हणालो, अवो, कोनाचा तरी असला पाहिजे ना तो. कोणाचाच नसला तर ग्यानबाच्या बायकोने जायचे कोणाच्या दारात? तिला मी रीतीचा माणूस वाटतो. आजाच्या हाताला लोक जे मानत होते ते याचसाठी, की काही झाले तर तो हात सापडायचा.

तरी विषयात ‘सर्व जनावरे’ असे जे लिहिले आहे, ते ‘बांड्या नावाचा बैल वगळून सर्व जनावरे’ असे वाचावे, ही विनंती. विनंती (आ) बाबत बांड्यापुरता खुलासा नको. त्याने जे केले ते माझ्या नावावर राहू द्यावे. (ई) बाबत उत्तराची वाट न पाहता मी उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला जात आहे, यावेळी पिशवीत फक्त केळी असतील. आत टाकायचे झाल्यास मी तिथे, त्याच्या खाटेजवळ सापडेन. भीती वाटते, ती कमी झालेली नाही, वाढलीच आहे. पण साहेब, गाडी चुकवणार नाही.

आपला नम्र, फाटकाबाहेर उभा,

(सही)
उकंडराव गोमाजी खिल्लारे
आसेगाव, ता. मंगरुळपीर, जि. वाशिम
दि. १९ मे २०२५

अर्ज आत घेऊन येणार : सौ. भागिरथा उकंडराव खिल्लारे.

सोबत :
१. वकिलाच्या नोटिशीची प्रत.
२. दावण ॲपच्या अटी व शर्ती (हेल्मेटची अट पान दोनवर).
३. मोबाईल फोन, एक, बंद केलेला.
४. बांड्या बैलाचा मालकी दाखला, गोल शिक्क्यासह. हा खरा धरावा.
५. कासरा जोडलेला नाही. तो माझ्या हातात आहे.